चासीची चीर आणि घरच्या वेल्डिंगचा भरवसा

ट्रकची चासी चिरली की मालकापुढे दोन-तीनच वाटा उरतात. कंपनीच्या वर्कशॉपला गाडी लावून चॅनेल बदलून घ्यायचा, हायवेलगतच्या गॅरेजात पट्टी मारून घ्यायची, किंवा दारातच गाडी उभी करून ओळखीच्या फॅब्रिकेटरला मशीन घेऊन बोलवायचं. ऊस, वाळू, विटा, कांदा वाहणाऱ्या एक-दोन गाड्यांच्या मालकाचा कल तिसऱ्या वाटेकडे असतो. गाडी उभी राहिली की भाडं बुडतं, हप्ता मात्र थांबत नाही, हे त्यामागचं कारण कुणालाही कळण्यासारखं आहे. शिवाय सिंगल फेजवर चालणारं, एका हातात उचलता येणारं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आता गावोगाव पोचलं आहे. या सगळ्यात एकच प्रश्न विचारला जातो: वेल्ड टिकेल ना? माझ्या मते इथेच गफलत होते. बऱ्यापैकी हात बसलेल्या माणसाने मारलेला वेल्ड सहसा टिकतो. तुटतं ते त्याच्या शेजारचं पोलाद. चासीची दुरुस्ती किती मजबूत झाली यापेक्षा ती किती लाख धक्के सोसेल, हे महत्त्वाचं असतं. आणि घराच्या अंगणात नेमकी हीच गोष्ट तपासता येत नाही. म्हणून जड ट्रकच्या मुख्य चॅनेलवर घरी वेल्डिंग करू नये, या मतापर्यंत मी आलो आहे. त्या मताची कारणं इथे तपशिलाने मांडतो आणि विरोधी बाजूचं म्हणणंही तपासून पाहतो.

आधी चासी कशी काम करते ते पाहू. दोन लांब चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर अशी शिडीसारखी ही रचना असते. चॅनेलचा छेद इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा: मध्ये उभी भिंत, म्हणजे वेब, आणि वर-खाली दोन आडव्या कडा, म्हणजे फ्लँज. गाडी भरली की पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधला चॅनेल खाली झुकतो, म्हणून तिथे खालची कड ताणली जाते आणि वरची दाबली जाते. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे लोंबणाऱ्या भागात हेच उलटं होतं, तिथे वरची कड ताणली जाते. वेबच्या मध्यावर मात्र वाकण्याचा ताण जवळपास शून्य असतो. म्हणूनच कारखान्यातली भोकं शक्यतो वेबमध्ये असतात, आणि कडांना भोक पाडू नका, वेल्ड करू नका, असं कंपन्यांच्या पुस्तिका पुन्हापुन्हा बजावतात. दुसरी गोष्ट पिळाची. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर गेलं की चासी पिळते, आणि ती पिळावी अशीच बनवलेली असते. उघडा ‘सी’ छेद पिळाला सहज वाव देतो, म्हणून जड ट्रकच्या चासीचे सांधे बहुतेक करून रिव्हेटने किंवा बोल्टने जोडतात. म्हणजे चासीचं लवचीक असणं हा तिचा दोष नाही, गुण आहे. एखादी जागा दगडासारखी कडक करून टाकली की तिथे होणारी हालचाल थांबत नाही, ती शेजारी सरकते.

एवढं ध्यानात घेतलं की चीर कुठे पडली यावरून ती का पडली हे बरंच ओळखता येतं. केबिनच्या मागे, जिथे बॉडीचं खालचं लाकूड किंवा चॅनेल एकाएकी सुरू होतो, तिथली चीर बॉडी नीट न बसवल्याचं सांगते. मागच्या पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, हँगरपाशी पडलेली चीर जास्तीच्या वजनाकडे, ढिल्या यू-बोल्टकडे किंवा तुटका पाटा तसाच ठेवून चालवल्याकडे बोट दाखवते. टिपरच्या मागच्या बिजागरीपाशी किंवा जॅकच्या बैठकीपाशी चीर असेल, तर उतरत्या किंवा एका बाजूला कललेल्या जमिनीवर माल उलटल्याचा संशय घ्यावा. आधीच्या पट्टीच्या टोकापाशी चीर असेल, तर मागच्या दुरुस्तीची ती पावती आहे. घरी वेल्डिंग करताना यातलं काहीच विचारलं जात नाही. चीर दिसली, ती भरली, रंग मारला. चीर ज्यामुळे पडली ते कारण मात्र गाडीसोबत पुन्हा रस्त्यावर जातं.

धातू थकतो, ही गोष्ट माणसाला फार मोठी किंमत मोजून कळली आहे. 8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल मोडला आणि 50हून अधिक माणसं गेली. नेहमीच्याच भाराखाली ॲक्सल एके दिवशी का मोडतो, याचा शोध त्यानंतर जोमाने सुरू झाला. पुढे प्रशियाच्या रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट व्होलरने 1850 आणि 1860च्या दशकांत वर्षानुवर्षं नमुने फिरवून दाखवून दिलं, की एका फटक्यात जो ताण पोलाद सहज सोसतं, तोच ताण लाखो वेळा आला तर ते तुटतं. ट्रकला हे तंतोतंत लागू पडतं. दर 100 मीटरला एकच ठळक धक्का बसतो असं धरलं, तरी एक लाख किलोमीटरमध्ये दहा लाख धक्के होतात. वेल्ड केलेल्या सांध्याचं आयुष्य या धक्क्यांच्या ताणाच्या साधारण घनाच्या उलट्या प्रमाणात घटतं, असा अनेक दशकांच्या चाचण्यांतून पक्का झालेला ठोकताळा आहे. याचा अर्थ ताण 26 टक्के वाढला की आयुष्य निम्मं होतं, दुप्पट झाला की एक अष्टमांश उरतं. या गणितातली सगळ्यात अनपेक्षित बाब अशी, की वेल्डपाशी पोलाद किती उंची प्रतीचं आहे याने जवळपास फरक पडत नाही. महागडं, जास्त ताकदीचं पोलाद घ्या की साधं घ्या, वेल्डच्या काठावरची बारीक खाच आणि तिथला आकार हेच आयुष्य ठरवतात. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशींत वीस लाख आवर्तनांसाठी साध्या रोल केलेल्या पत्र्याला चौरस मिलिमीटरला 160 न्यूटनचा फेरताण, म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या ताणातला फरक, मान्य आहे. दोन तुकडे समोरासमोर ठेवून, सपाट जागी, नीट मारलेल्या वेल्डला तो 90च्या घरात येतो, आणि वरून पट्टी मारली तर तिच्या टोकापाशी 50च्या आसपास. 90 आणि 50 यांतला फरक घनाच्या नियमाने मोजला, तर आयुष्यात जवळजवळ सहापट फरक पडतो. गावातल्या गॅरेजात ज्याला ‘डबल मजबुती’ म्हणतात, ती पट्टी थकव्याच्या हिशोबात सर्वांत कमजोर जागा ठरू शकते.

एका क्षुल्लक वेल्डमुळे काय घडू शकतं याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण रस्त्यावरचं नाही, समुद्रातलं आहे. 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर किलंड नावाचा तरंगता मंच उलटला आणि 123 माणसं दगावली. चौकशीत असं निघालं, की एका मुख्य आधारनळीवर ध्वनियंत्र बसवण्यासाठी एक छोटा धारक लावला होता आणि चिरेची सुरुवात त्याच्या 6 मिलिमीटरच्या वेल्डमध्ये झाली होती. तो धारक काही भार पेलत नव्हता. तो जोडणाऱ्या कुणालाही आपण मुख्य रचनेला हात लावतोय असं वाटलं नसणार. ट्रकच्या चासीवर वायरिंगची क्लिप, मडगार्डचा ब्रॅकेट, टूलबॉक्सचा अँगल असे चिल्लर वेल्ड रोज मारले जातात, तेही पुष्कळदा थेट खालच्या कडेवर, जिथे ताण सर्वांत जास्त असतो. त्यांच्याकडे पाहताना हा मंच आठवावा.

आता उष्णतेकडे वळू. चासीचं पोलाद आपल्या ग्रिलचं किंवा शेडच्या अँगलचं साधं पोलाद नसतं. जड ट्रकच्या चासीत जास्त ताकदीचं, मिश्रधातू मोजून घातलेलं पोलाद वापरतात. अमेरिकेतल्या बऱ्याच जड ट्रकांच्या चासी तर तापवून, विझवून कडक केलेल्या असतात, आणि त्यांची ताकद साध्या पोलादाच्या तिप्पट असते. अशा चॅनेलवर आर्क लागला की वेल्डशेजारचा पट्टा त्याचा मूळ गुण गमावतो. कडक केलेलं पोलाद तिथे मऊ पडतं. कार्बन आणि मँगनीज जास्त असलेलं पोलाद भराभर थंड झालं तर उलट ठिसूळ होतं. यातलं नेमकं काय होणार हे पोलादाची जात माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही, आणि अंगणात उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या गाडीच्या चॅनेलवर रंग आणि चिखलच दिसतो, जात दिसत नाही. वर वेल्ड थंड होताना आकसतो आणि स्वतःभोवतीचं पोलाद कायमचं ताणून ठेवतो. हा साचलेला ताण पोलादाच्या सोसण्याच्या हद्दीपर्यंत पोचू शकतो, गाडी रिकामी असतानाही.

रॉडचीही अशीच गत आहे. दुकानात सर्रास मिळतो तो 6013, आणि छोट्या मशीनवर तोच सहज पेटतो. जास्त ताकदीच्या पोलादाला हवा असतो 7018 किंवा त्याच्या वरच्या ताकदीचा कमी हायड्रोजनचा रॉड. पण हा रॉड नुसता आणून भागत नाही. ओल ही त्याची वैरी. पाकीट फोडल्यावर तो उघड्या हवेत साधारण चार तासांपेक्षा जास्त राहू नये, असं अमेरिकेची प्रमाण वेल्डिंग संहिता सांगते. पुढे वापरायचा असेल तर तो भट्टीत 260 अंशांच्या वर दोन तास भाजावा लागतो. कोकणात जून ते सप्टेंबरच्या हवेत उघड्या पाकिटातला रॉड किती ओल पितो, हे वेगळं सांगायला नको. उन्हात पसरून ती ओल निघत नाही. ओलीतला हायड्रोजन तापलेल्या पोलादात शिरतो आणि वेल्ड थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, आतून चीर पाडतो. म्हणून जास्त ताकदीच्या पोलादाचा वेल्ड 48 तास थांबून मग तपासायची पद्धत आहे. संध्याकाळी वेल्ड मारून रात्रीच माल भरणाऱ्या गाडीत ही तपासणी होणार कधी?

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो अनुभवाचा. आमच्याकडचा कारागीर तीस वर्षं चाशा जोडतोय, शेकडो गाड्या धावतायत, असं सांगितलं जातं. कारागिराच्या कसबाविषयी माझ्या मनात आदरच आहे. पाठीवर झोपून, अंगावर ठिणग्या झेलत डोक्यावरचा वेल्ड सरळ ओढणं हे सोपं काम नाही. पण या अनुभवात मोजणीच चुकलेली असते. सात-आठ महिन्यांनी त्याच चॅनेलला अर्ध्या फुटावर नवी चीर गेली, तर ती ‘दुसरी चीर’ म्हणून गणली जाते, पहिल्या दुरुस्तीचं अपयश म्हणून नाही. गाडी तोवर विकली गेलेली असते किंवा दुसऱ्या जिल्ह्यातल्या गॅरेजात पोचलेली असते. कारागिराकडे परत येतात त्या टिकलेल्या गाड्या. कोणता रॉड, कोणत्या दिवशी, कुठल्या जागी आणि किती किलोमीटर चालला, याची वही बहुतेक गॅरेजांत नसते. नोंद ठेवली नाही तर तीस वर्षांतून फक्त आत्मविश्वास जमा होतो.

दुसरा आक्षेप असा, की कारखान्यातही वेल्डिंग होतंच. होतं, आणि पुष्कळ होतं. लहान पिकअप गाड्यांच्या चासी वेल्डनेच जुळतात. पण तिथे पोलादाची जात माहीत असते, सांध्याची जागा ताण पाहून ठरवलेली असते, उष्णता मोजलेली असते आणि नमुना लाखो वेळा हलवून मोडून पाहिलेला असतो. घरी यातलं एकही नसतं. तिसरा आक्षेप, चासी काही एकदम तुटत नाही, आधी खुणा दिसतात. खुणा दिसतात हे खरंच आहे. रंगावर गंजाची बारीक रेघ उमटते, केबिन आणि बॉडी यांतली फट एका बाजूला वाढते, भरलेली गाडी कलते. पण चिरेची वाढ सारख्या वेगाने होत नाही. कडेतून सुरू झालेली चीर कड ओलांडून वेबमध्ये शिरली की उरलेला छेद झपाट्याने कमजोर होतो, आणि पहिल्या इंचाला जितके महिने लागले तितके आठवडेही पुढच्या इंचांना लागत नाहीत. घाटात, भरल्या गाडीसह, ब्रेक लागलेले असताना ही शेवटची वाढ झाली तर त्या खुणांचा काही उपयोग नसतो.

ओव्हरलोडचा मुद्दा सोडून चासीच्या चिरांवर बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दोन ॲक्सलच्या ट्रकचं एकूण मान्य वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेलं, तीन ॲक्सलच्या ट्रकचं 25वरून 28.5वर. जुन्या मर्यादेसाठी घडवलेल्या चासीवर 18.5 टन पडले आणि ताण त्याच प्रमाणात, म्हणजे 14 टक्के वाढला असं धरलं, तर घनाच्या नियमाने वेल्डचं आयुष्य दोन तृतीयांशावर येतं. प्रत्यक्षात ताण त्याहून जास्त वाढतो, कारण गाडीचं स्वतःचं वजन तेवढंच राहून वाढ सगळी मालाची असते. दीडपट ताणावर आयुष्य तिसऱ्या हिश्शाच्याही खाली जातं. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वर दर जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. चासी मात्र जप्तीची वाट पाहत नाही, ती प्रत्येक फेरीला थोडी थोडी वसुली करत असते.

गंजाची चीर हा निराळा प्रकार आहे. त्यात पोलाद थकलेलं नसतं, झिजलेलं असतं, आणि झिजलेल्या पत्र्यावर वेल्ड धरत नाही, भोकच पडतं. बर्फातल्या मासळीच्या गाड्यांतून खारं पाणी चासीवर गळत राहतं, तिथे हे नेहमी दिसतं. अमेरिकेत टोयोटाच्या टाकोमासह काही मॉडेलांच्या चासी गंजल्याच्या दाव्यात 2016 मध्ये कंपनीने सुमारे 15 लाख गाड्यांसाठी 3.4 अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. तिच्यात ठरलं ते असं, की चासी तपासायची आणि गरज असेल तिथे अख्खी बदलून द्यायची.

मग चासीला वेल्ड लावायचाच नाही का? लावता येतो, पण कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने. अमेरिकेच्या वाहतूक नियमांत याविषयी थेट कलम आहे: व्यापारी वाहनाची चासी चिरलेली असता कामा नये, आणि तिची वेल्डिंगने केलेली दुरुस्ती उत्पादकाच्या शिफारशीनुसारच असली पाहिजे. आपल्याकडे फिटनेस तपासताना चासीची चीर नजरेलाच शोधावी लागते, आणि ताज्या काळ्या रंगाखाली ती नजरेला सापडत नाही. योग्य दुरुस्तीत आधी माल आणि बॉडीचा भार उतरवतात, चासी सरळ रेषेत आधारावर घेतात. लाल रंग आणि पांढरी पावडर वापरून चिरेचं खरं टोक शोधतात, कारण डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे ती गेलेली असते. टोकाला गोल भोक पाडून तिची वाढ अडवतात, चीर पूर्ण जाडीभर खोदून काढतात, गरज असेल तर पोलाद आधी तापवतात, आणि मुळापर्यंत भरलेला वेल्ड दोन्ही बाजूंनी ताणाच्या दिशेने घासून सपाट करतात. वेल्डचा काठ नीट घासला तर तो सोसू शकणारा ताण साधारण 1.3 पट होतो, म्हणजे आयुष्य दुपटीहून वाढतं. ग्राइंडरचं हे दहा मिनिटांचं काम बहुतेक ठिकाणी फक्त देखणेपणासाठी होतं किंवा होतच नाही. वर आधार द्यायचाच असेल तर तो लांब, टोकांना निमुळता होत गेलेला आणि वेबमध्ये बोल्टने बसवलेला असावा. कडेवर आडवा वेल्ड कधीच नको. चासी नंबर ज्या भागात कोरलेला असतो तिथे परवानगीशिवाय ग्राइंडर लावायचा नाही, हेही ओघाने आलंच.

याशिवाय काही धोके असे आहेत की ज्यांचा थकव्याशी संबंध नाही. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 ट्रकमध्ये इंजिन, धूर आणि ब्रेक यांचे संगणक आहेत. बॅटरी न काढता, कंपनीने सांगितलेले कनेक्टर न सोडता आर्क लावला तर ते जळू शकतात, आणि अर्थिंगचा चिमटा दूर कुठेतरी लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. पाट्यावर पडलेली ठिणगी तिथे नवी खाच सोडते. डिझेलची टाकी आणि ब्रेकच्या नायलॉन नळ्या तर हाताच्या अंतरावर असतात.

खर्चाचा आक्षेप मी हलका मानत नाही. एका गाडीवर घर चालवणाऱ्याला चॅनेल बदलण्याचा खर्च आणि गाडी उभी राहिलेले दिवस झेपत नाहीत. त्याने दारात वेल्डिंग केलं म्हणून त्याला दोष देणं सोपं आहे, पण दोष देऊन चीर बंद होत नाही. सहकारी साखर कारखाने, ट्रकमालकांच्या संघटना, मोठे मालवाहतूकदार यांनी आपापल्या भागातल्या एक-दोन गॅरेजांत रॉड भाजायची भट्टी, रंग-पावडरची तपासणी आणि त्या त्या मॉडेलची कंपनीची पुस्तिका एवढी सोय उभी केली, तरी फार मोठी दरी भरेल. हा खर्च एका अपघाताच्या तुलनेत किरकोळ आहे. साध्या पोलादाच्या ट्रॉलीचा सांगाडा, मडगार्डचा सुटा काढलेला ब्रॅकेट, बॉडीचा फाळका ही कामं चांगल्या हाताने घरीही करावीत. चासीच्या मुख्य चॅनेलला मात्र दारात आर्क लावू नये. गाडीमालकांना माझी विनंती आहे: पुढच्या धुलाईला केबिनमागचा भाग आणि हँगरच्या आसपासच्या कडा पाण्याने स्वच्छ करून बॅटरीच्या उजेडात पाहा. गंजाची बारीक रेघ दिसली तर त्या फेरीचा माल भरू नका, गाडी रिकामीच वर्कशॉपला न्या.